पाण्याचा हात

मे महिन्यातली दुपार होती. आशाताईचा फोन आला तेव्हा मी कुंभारीच्या बाजूला होते. "अक्का, स्टेशनाजवळची ती बाळंतीण आहे ना, इंडीला दिलेली, तिचं डावं थान दगड झालंय. अंगही तापलंय. लवकर या." मी गाडी वळवली.

होटगी गाव वेगळं आणि होटगी स्टेशन वेगळं. सोलापूरहून आलेला रूळ इथं फुटतो. एक वाडीकडे जातो, दुसरा इंडीवरून विजयपूर-गदगकडे. वस्तीची भाषाही तशीच फुटलेली, एकाच घरात आजी कन्नडमध्ये विचारते आणि नात मराठीत उत्तर देते. नर्स म्हणून मी या भागात बावीस वर्षं फिरले. कुणी मला सिस्टर म्हणतं, कुणी बाई, बहुतेक जणी अक्का म्हणतात.

पत्र्याच्या त्या घरात शिरले तर पोरगी भिंतीला टेकून, पदराचा बोळा दातांत धरून बसलेली. समोर मांडी घालून तिची आजी तिच्या छातीवर लाकडी फणी ओढत होती. गड्ड्याच्या जत्रेत मिळते तसली, दोन्ही बाजूंनी दात असलेली फणी. शेजारी वाटीत कोमट एरंडेल. बगलेकडून बोंडाकडे एक ओढ, मग पुन्हा तेल, पुन्हा ओढ. कातडीवर दातांच्या लाल रेघा उठल्या होत्या. पोरीच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण तोंडातून आवाज नाही, कारण बाहेरच्या खोलीत तिचा मामा बसला होता.

"गंटु आहे सिस्टर," आजी म्हणाली. "फोडल्याबिगर जायचा नाही."

गंटु म्हणजे गाठ. मी आजीच्या हातातून फणी अलगद काढून घेतली आणि तिच्याच शेजारी बसले. तिच्यावर आवाज चढवायचा माझा अधिकार नव्हता. का ते पुढं सांगते.

आजीचं म्हणणं साधं होतं. तिच्या दारात आयुष्यभर म्हशी होत्या. म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजून टणक झाली, की तेल लावून चोळायची, सड पिळून पिळून मोकळा करायचा, हे तिनं शंभरदा केलेलं. तोच न्याय तिनं नातीला लावला होता. ही समजूत तिच्या हातांच्या कष्टातून आलेली होती, म्हणून तिला अडाणी म्हणायला माझं मन धजत नाही. फरक एवढाच, की जनावराच्या सडात दूध साठायला पोकळी असते. बाईच्या बोंडामागं तशी पोकळी नसते. आणि हे मलाही कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

आम्हाला शिकवताना फळ्यावर जे चित्र काढलं होतं ते अजून डोळ्यांपुढं आहे. फुलासारख्या पंधरा-वीस नळ्या, आणि प्रत्येक नळीला बोंडाजवळ एक फुगीर पिशवी. त्या पिशवीत दूध साठतं, कधी तिथं गोठतं, नळी बुजते, म्हणून दाबून गुठळी बाहेर काढायची. चित्र इतकं पटण्यासारखं होतं की शंका यायची सोयच नव्हती. नोकरीला लागून मला तिसरं वर्ष असेल. एका वाडीवर दुसरटकरीण बाळंतीण होती. उजव्या थानाला खालच्या अंगाला गाठ. मी कढत पाण्यात फडकं पिळून शेकलं आणि दोन्ही अंगठ्यांनी अर्धा तास दाबलं. ती ओरडत होती, आणि मी तिला म्हणत होते, "सोस बाई, आत्ता मोकळं होईल." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा दाबलं. चौथ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. आठवड्यानं गळू झालं, चीर द्यावी लागली. चिरेवरच्या पट्टीमुळे बाळाला त्या बाजूला घेता येईना, दुसऱ्या बाजूचंही दूध आटत गेलं. बाळ बाटलीवर गेलं आणि त्या पावसाळ्यात दोनदा हगवणीनं सुकलं. वाचलं ते. आज मोठं झालंय. त्याची आई बाजारात भेटली की अजून मला म्हणते, "अक्का, तुम्ही किती धडपड केली हो माझ्यासाठी." ती असं म्हणते तेव्हा माझे अंगठे दुखतात.

फार उशिरा, एका प्रशिक्षणात, मला खरं चित्र पाहायला मिळालं. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी दूध पाजणाऱ्या बायांची सोनोग्राफी करून नळ्या मोजल्या होत्या. बोंडापाशी सरासरी नऊ नळ्या, कुणाला चार, कुणाला अठरा. बारीक, मऊ, कातडीच्या अगदी जवळ, दाबलं की चपट्या होणाऱ्या. पुस्तकातल्या त्या पिशव्या सापडल्याच नाहीत. म्हणजे दूध जिथं साठून गुठळी होते असं आम्ही समजत होतो ती जागाच नव्हती. पुढं २०२२ मध्ये स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं नवी मार्गदर्शक सूचना काढली. तिचं सार असं, की गाठ म्हणून जे हाताला लागतं ते बहुतेक वेळा नळ्यांभोवतीच्या मांसाची सूज असते. सूज बाहेरून नळीला आवळते, म्हणून दूध तटतं. जोरानं चोळलं की बारीक रक्तवाहिन्या फुटतात, सूज आणखी वाढते.

मी बायांना हे घशावरून सांगते. घसा सुजला की घोट उतरत नाही. म्हणून कुणी बाहेरून गळा चोळून काही फोडायला जातं का? सूज उतरायची वाट आपण करून देतो, घोट आपोआप उतरतो.

त्या दुपारी आधी ताप पाहिला. १००.६. गाठ डाव्या थानाच्या बाहेरच्या अंगाला, मोठ्या लिंबाएवढी, वरची कातडी लालसर. पू झालेला लागत नव्हता. पू झाला की बोटांखाली पिकलेल्या आंब्यासारखं डुळडुळतं, तसं नव्हतं. मग माझी नजर तिच्या पोलक्यावर गेली. पाचवीच्या पूजेसाठी माहेरच्यांनी हौसेनं शिवलेलं, नवंकोरं, बगलेत करकचलेलं. बगलेखालची शिवण बरोबर गाठीवरून जात होती. पोलकं काढायला लावलं, आईचं जुनं ढगळ पोलकं घालायला दिलं. पोरीनं पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

"रात्री बाळ कुणाजवळ असतं?" मी विचारलं.

आजीचा चेहरा फुलला. "माझ्याजवळ. पोरगी दिवसभर दमतीय, टाके दुखू लालेत तिचे. मी रात्री साखरपाणी पाजती चमच्यानं. पहाटेपर्यंत हूं की चूं नाही."

म्हणजे रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत बाळ अंगावर नाही, आणि हे सलग चार रात्री. दूध तर भरत राहणार, ते कुणासाठी थांबत नाही. आजीनं नातीवरच्या मायेनं जे केलं त्यातूनच गाठ उठली होती, हे तिला तोंडावर सांगणं मला जड गेलं. मी एवढंच म्हटलं, "आजी, आजपासून रात्री बाळ तिच्या कुशीत. पाजताना तुम्ही तिच्या पाठीला उशी द्यायची. हे काम तुमचं." साखरपाण्याची वाटी मी स्वतः घासून फळीवर उपडी ठेवली. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे होटगीच्या उन्हाळ्यात पटवणं सोपं नसतं. बाहेर पारा बेचाळीसवर असतो आणि बाळाचे ओठ सुकलेले दिसले की घरात कुणाचा तरी हात पेल्याकडे जातोच. त्यांना मी पाजायच्या सुरुवातीला येणारं पातळ, निळसर दूध तळहातावर काढून दाखवते. हेच त्याचं पाणी.

मग बाळाला घेतलं. टाके दुखतात म्हणून पोरगी अवघडून बसायची, बाळ मांडीवर उताणं आणि मान वळवून नुसतं बोंड चोखायचं. असं चोखलं की बोंड चिरतं आणि दूध मात्र नीट उतरत नाही. तिला कुशीवर झोपवलं. बाळाचं पोट तिच्या पोटाला, हनुवटी थानाला टेकलेली, नाक मोकळं. तोंड जांभईसारखं उघडलं तेव्हा एकदम जवळ घेतलं. खालचा ओठ बाहेर वळला, बोंडाभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसायला लागला आणि खालून झाकला गेला. थोड्या वेळानं घुटका ऐकू आला. तो आवाज फार बारीक असतो, पंखा बंद केल्याशिवाय कळत नाही. आजीला मी कान लावून ऐकवला.

आजीचा मोठा अडसर पुढं होता. मी गार फडकं मागितलं.

"बाळंतिणीला गार?" आजी ताडकन उठली. "दूध गार पडंल. लेकराला सर्दी धरंल. बाजेखाली शेगडी हवी तिच्या."

या वाक्यामागं किती पिढ्या आहेत ते मला ठाऊक आहे. शेक, शेगडी, वेखंडाची धुरी, कढत पाण्यानं न्हाणं. त्यातलं बरंच बाळंतिणीच्या अंगाला सुखाचं असतं, आणि तिच्याकडे घरानं महिनाभर लक्ष द्यायचं हा त्यातला खरा गुण मी कधीच मोडत नाही. पण सुजेला कढत शेक दिला की रक्त आणखी धावतं. मी आजीला विचारलं, गुडघ्याला मार लागून टेंगूळ आलं तर काय लावता? माठातलं पाणी, ती म्हणाली. हे टेंगूळच आहे, मी म्हणाले. ती गप्प राहिली. मग उठून, न बोलता, आपल्या पेटीतला सोलापुरी पंचा काढला, धुऊन धुऊन मऊ झालेला. माठातल्या पाण्यात भिजवून पिळला आणि माझ्या हातात दिला. मधला तोडगा म्हणून मी एवढं मान्य केलं, की पाजायच्या आधी मिनिटभर कोमट फडकं, पान्हा सुटायला बरं वाटत असेल तर. पाजून झालं की दहा-पंधरा मिनिटं गार.

आणि हात. हात पूर्ण बंद कर म्हटलं तर कुठलीच आजी ऐकत नाही, तिला काहीतरी करायचं असतं. म्हणून हात कसा फिरवायचा ते दाखवावं लागतं. पूर्वी मी 'हलक्या हाताने' असं नुसतं सांगायची. कष्टाच्या बाईचा हलका हातसुद्धा जड असतो, विळा आणि जातं धरलेला. त्या दिवशी चुलीपाशी परात दिसली आणि मला सुचलं.

"आजी, भाकरी करता तेव्हा किती हात लावता?"

"किती म्हणजे?"

"एक थापायचा. आणि तव्यावर टाकल्यावर?"

तिनं हवेत हात फिरवला. ज्वारीची भाकरी तव्यावर पडली की वरून पाणी लावतात, तळवा भाकरीला टेकतो न टेकतो, नाहीतर चटका बसतो आणि भाकरी फाटते. नुसती ओल पसरत जाते.

"थापायचा हात नको. हा पाण्याचा हात. आणि बोंडाकडे नाही, उलटा. गाठीवरून बगलेकडे, छातीवरून गळ्याच्या हाडाकडे. सूज तिकडून निघून जाते."

तिनं तेल न लावता नातीच्या छातीवरून हात फिरवला. पोरगी अंग चोरून बसली होती, ती हळूहळू सैल झाली. त्या हातानं पन्नास वर्षं भाकऱ्या केल्या होत्या. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सूज आणि ताप उतरायची गोळी सांगितली, पाजताना चालणारी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतार नसेल तर घेऊन या म्हणाले. हे मी प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा सांगते. चोवीस तासांत फरक नाही, ताप चढतोय, लाली पसरतेय, बाई थरथरतेय, तर घरात बसायचं नाही. मग प्रतिजैविक लागतं, ते डॉक्टरांनी द्यायचं, आणि गळू झालंच तर सोलापूरला सिव्हिल गाठायचं. आता बऱ्याच वेळा सुईनंच पू ओढून काढता येतो, मोठी चीर लागत नाही. या सगळ्यात बाळाला त्या बाजूचं दूध चालतं. 'नासलेलं दूध' म्हणून तोडून टाकलं की तटतं आणखी. पण 'सगळं रिकामं करा' म्हणून पाजून झाल्यावर वर आणखी पिळणंही तितकंच वाईट. जितकं काढाल तितकं अंग जास्त करतं, आणि सुजलेल्या जागी जास्त दूध म्हणजे जास्त ताण. बाळ मागेल तेवढं, मागेल तेव्हा. बोंडावर कधी पांढरा ठिपका दिसतो, तो सुईनं टोचायचा मोह होतो. टोचू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप ९८.८ होता. गाठ बोरावर आली होती. आजीनं रात्री तीनदा उशी दिली होती, म्हणून तिचेच डोळे लाल होते.

असं झटपट सुटणारं प्रत्येक घर नसतं. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायांची वसाहत आहे, दहा हजार घरांची. तिथल्या गाठी मला जास्त सतावतात. विडीची मजुरी हजारावर. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मांडीवर सूप असतं, म्हणजे मांडीवर बाळ नसतं. एक बाई मला म्हणाली होती, "अक्का, पाजायला उठले की पन्नास विड्या गेल्या." दोन महिन्यांचं बाळ सासूजवळ, तीन-साडेतीन तास अंतर, आणि गाठ एकदा या बाजूला तर पंधरा दिवसांनी त्या बाजूला. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची भरपगारी रजा सव्वीस आठवडे झाली. ती दहा आणि जास्त कामगार असलेल्या आस्थापनांतल्या बायांना. घरी बसून विड्या वळणारीच्या हातात पहिलटकरणीचे सरकारी पाच हजार पडतात, तेही कागद जमले तर. तिला 'विश्रांती घ्या' असं सांगताना माझी जीभ अडखळते. तिच्याशी मी वेगळं ठरवलं होतं. थोड्या थोड्या विड्या झाल्या की एकदा उठायचं. हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, कारण तंबाखूची पूड बोटांच्या पेरांत बसते आणि तीच बोटं बोंडाला लागतात. बाळ झोपलेलं असेल आणि छाती ताणलीच, तर आराम वाटेपुरतं दूध हातानं उकळलेल्या वाटीत काढायचं, झाकायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं आणि आमच्या उन्हाळ्यात दोन तासांत चमच्यानं पाजायचं. तिच्या गाठी कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मुकादमानं माल परत केला त्या आठवड्यात तिनं पुन्हा सलग वळल्या आणि पुन्हा गाठ आली. माझ्या पिशवीत त्यावर औषध नव्हतं.

आणखी एक घर आहे, ज्याच्याबद्दल मी फारसं कधी बोलले नाही. बाळ तिसऱ्या दिवशी गेलं होतं. दूध चौथ्या दिवशी आलं. कुणी आलं-गेलं तर पदर भिजायचा आणि ती भिंतीकडे तोंड करायची. दोन्ही बाजू दगड झालेल्या. जाऊबाई मोगऱ्याच्या कळ्या गुंफून आणायची आणि कापडात बांधून तिच्या छातीवर ठेवायची. आपल्याकडे दक्षिणेच्या बाजूला दूध आटवायला मोगरा बांधतात, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी १९८८ साली अभ्यास छापला होता, की गोळीइतकाच मोगऱ्याचाही गुण येतो. मी तिला गार फडकं आणि दुखणं कमी करायची गोळी दिली. फार ताणलं तर चार थेंब काढ, रिकामं करू नको, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "अक्का, हे कुणाला देता येत नाही का?" मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ पासून दुधाची पेढी आहे, आशियातली पहिली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभारलेली. त्या वेळी त्या घरापासून ती फार लांब होती. मी नाही म्हणाले आणि तिच्याजवळ बसून राहिले. खोलीभर मोगऱ्याचा वास होता. लग्नात मोगऱ्याचा गजरा हातात दिला की मला अजून ती खोली आठवते.

स्टेशनाजवळच्या घरी चौदाव्या दिवशीच्या भेटीला आशाताईबरोबर मीही गेले. बारसं होऊन गेलं होतं. झोळीच्या काट्यावर बाळ तीन किलो शंभर भरलं. पोरगी कुशीवर पाजत होती आणि पाजता पाजता मोबाईलवर नवऱ्याला बाळाचे पाय दाखवत होती. लाकडी फणी कोनाड्यात आरशाजवळ, केस विंचरायला.

आजी घरात नव्हती. मागच्या परसात गेले तर कुडाच्या पलीकडे शेजारच्या लेकीला पाचवा महिना होता, तिला ती काहीतरी शिकवत होती. कन्नडमध्ये. मला सगळं कळलं नाही. पण तिचा उजवा हात हवेत, तव्यावर फिरावा तसा, टेकतो न टेकतो असा फिरत होता, आणि ती त्या पोरीला म्हणत होती, "नीर हच्चिदंग." पाणी लावल्यासारखं.